डनलिनचा कठडा

डनलिन पहिल्यांदा पाण्यात उतरली तेव्हा मी तिच्या पोटात होतो. बाहेर बँड वाजत होता, पाद्री आशीर्वाद देत होते, आणि मी आत कंदील धरून फळ्यांच्या सांध्यांतून पाणी येतंय का ते पाहत होतो. पाणी आलं नाही. डनलिन पाण्यावर बसली, डावीकडे कलली, उजवीकडे कलली, आणि मग सरळ व्हायला तिने जरा जास्तच वेळ घेतला. किती? एक श्वास. सुताराला तेवढं पुरतं. वर आलो तेव्हा सगळे टोप्या उडवत होते. मीही उडवली.

मी डिगोरी हॉस्किंग, फाल्मथच्या खाडीपलीकडच्या फ्लशिंग गावचा. आरमारात सुतार म्हणजे गलबताचाच माणूस. कप्तान बदलतात, खलाशी बदलतात. सुतार आणि तांडेल एकदा लावले की त्या गलबताबरोबरच म्हातारे होतात. मी एकोणतिसाव्या वर्षी डनलिनवर लागलो आणि तेरा वर्षं राहिलो. त्या तेरा वर्षांत मी तिला भ्यालो नाही असा एक दिवस नाही. हे तेव्हा मी कुणाला सांगितलं नव्हतं. आपल्याच गलबताला भिणाऱ्या सुताराचं कोण ऐकणार?

तशी ती दिसायला छान होती. दोन डोलकाठ्या, दहा तोफा, नव्वद फूट लांबी. पहिली चार वर्षं आम्ही इंग्लिश खाडीत चोरट्या ब्रँडीच्या होड्या पकडल्या. पकडल्या म्हणजे पाठलाग केला. पकडलेल्या फार थोड्या. मग तीन वर्षं वेस्ट इंडीजमध्ये चाच्यांच्या मागे. तिथे तिने तिच्या आयुष्यातली एकमेव लढाई केली. एका बेटाआड उभ्या असलेल्या चाच्यांच्या गलबतावर आम्ही अकरा गोळे टाकले. जवळ जाऊन पाहतो तर माणसं पोहून केव्हाच पळालेली. एक बकरी तेवढी कैद झाली. त्यानंतर तिच्या बऱ्याचशा तोफा उतरवल्या आणि तिला फाल्मथहून हॅलिफॅक्सला टपाल नेण्याच्या कामावर लावलं. उन्हाळा असो की हिवाळा, अटलांटिक ओलांडायचा, ठरल्या तारखेला.

आणि इथेच तिचा दोष बाहेर आला. तिचा डेक पाण्यापासून फार उंच नव्हता, पण त्याच्या भोवती छातीएवढा भक्कम, सलग कठडा होता. काठ उंच असलेली परातच म्हणा. मोठी लाट आत आली की पाणी आतच राहायचं. बाहेर जायला मुठीएवढी भोकं. त्या ओझ्याने ती कलायची, आणि उठायच्या आत दुसरी लाट आली की आणखी कलायची. तिसरी आली तर काय होतं, ते सांगायला कुणी परत येत नसे. तिच्याच आराखड्यावर बांधलेली आणखी कितीतरी गलबतं होती. खलाशी त्यांना शवपेट्या म्हणायचे, आणि हसायचे.

त्यातल्या पिपिटवर सायलस ट्रेगियर सुतार होता. आम्ही दोघे एकाच मिस्त्रीकडे शिकलो होतो. नोव्हेंबरात पिपिट टपाल घेऊन निघाली. महिनाभराने लँड्स एंडच्या पलीकडच्या बेटांवर कोंबड्यांचं एक खुराडं किनाऱ्याला लागलं. त्यावर पांढऱ्या रंगाने गलबताचं नाव लिहिलेलं होतं. अक्षर सायलसचं होतं. ते मला ओळखायला बोलावलं होतं, आणि मी ओळखलं. बाकी काही मिळालं नाही. माणूस नाही, फळी नाही.

त्या दिवशी घरी आलो तर माझी बायको केझाया भाकरीचं पीठ मळत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि हात थांबवले.

"सोड ते गलबत," ती म्हणाली.

"सोडलं तर पेन्शन गेलं. पुन्हा कुठे लावणार नाहीत."

"मग दुरुस्त कर. सुतार आहेस ना?"

तेव्हाच्या कप्तानांना मी सांगून पाहिलं होतं. कठड्याला दोन्ही बाजूंनी मोठी दारं पाडा, बिजागरीची, पाण्याच्या रेट्याने बाहेर उघडणारी. त्यांनी पत्र लिहिलं. वरून उत्तर आलं की आराखड्यात अशी तरतूद नाही. कप्तानांनी ते मला वाचून दाखवलं, घडी घातली आणि म्हणाले, "झालं तर मग, मिस्टर हॉस्किंग."

पण केझायाचं बोलणं डोक्यातून जाईना. पुढच्या महिन्यात डनलिन बंदरात होती आणि कठड्याच्या कुजलेल्या फळ्या बदलायचं काम माझ्याचकडे होतं. मी नव्या फळ्या बसवल्या, आणि भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, चार जागी त्या आतून आरीने कापल्या. दोन डावीकडे, दोन उजवीकडे. पाऊण जाडीपर्यंत. सुतार फळी कापतोय यात कुणाला काय वाटणार? खडूची भुकटी जवसाच्या तेलात मळून ती चिरांत भरली, वरून हिरवा रंग मारला. बाहेरून काही दिसत नव्हतं. आतून तीन घाव घातले की चार फुटांचा तुकडा बाहेर पडला असता आणि पाण्याला वाट मिळाली असती.

मला वाटलं होतं की आता झोप लागेल. झालं उलटंच. दर महिन्याला एका रविवारी डेकवर सगळ्यांना उभं करून आरमाराचा कायदा वाचत. राजाच्या गलबताची नासधूस करणाऱ्याला कोणती शिक्षा, ते कलम आलं की माझ्या पाठीवरून घाम उतरायचा, बर्फ पडत असलं तरी. आणि वारा वाढला की दुसरी धास्ती. वेळ यायच्या आत साध्याच लाटेने ती फळी गेली तर? म्हणून जरा समुद्र खवळला की मी त्या कापलेल्या जागांपाशी जाऊन उभा राहायचो.

हे एका माणसाच्या नजरेतून सुटलं नाही. एनोक नॅन्कव्हेल, आमचा तांडेल, खलाश्यांचा मुकादम. मेव्हागिसीचा, लालबुंद तोंडाचा, जिभेने तिखट.

"डिगोरी, लेका," तो एकदा म्हणाला, "त्या कठड्यात तुला दिसतं तरी कोण? केझायाला सांगू का?"

"लाकूड बघतोय."

"रोज तेच लाकूड?" त्याने कमरेचा सुरा काढला आणि त्याच्या मुठीने कठड्यावर ठोकलं. एकदा इकडे, एकदा तिकडे. मग त्याचा हात थांबला. "हे पोकळ वाजतंय."

"लाकूड जुनं झालंय."

"मागच्या महिन्यात तूच नवं घातलंस."

एनोकने नखाने रंग खरवडला, खालची पांढरी चीर पाहिली. मग तोंडातली तंबाखू समुद्रात थुंकला.

"किती जागी?"

"चार."

"हाणायचं कशाने?"

"मोठ्या लाकडी हातोड्याने. तीन घाव पुरेत."

"आणि कुणी टेकला तर?"

"टेकण्याने जाणार नाही. लाटेने जाईल का ते..."

"वा! म्हणजे बुडायची भीती कमी पडत होती, म्हणून तू आणखी एक करून ठेवलीस!" तो इकडेतिकडे बघून माझ्या कानाशी आला. "तसला एक हातोडा माझ्या खोलीतही ठेव. आणि तोंड उघडू नकोस. कुणासमोर म्हणजे कुणासमोर नाही."

आम्ही कुणाला सांगितलं नाही. त्या जागांपाशी माणसं उभी राहणार नाहीत एवढं एनोक बघायचा. एकच माणूस ऐकायचा नाही. रूबेन कर्नो, शिडं शिवणारा. मुख्य डोलकाठीच्या बाजूची जागा वाऱ्याच्या आड होती, आणि तिथेच कठड्याला पाठ लावून, मांडीवर शीड पसरून बसायची त्याला सवय. आमच्याच गावचा, माझ्याहून चार वर्षांनी लहान. बेसूर आवाजात भजनं म्हणायचा. गलबतावर डुक्कर मारायचं असलं की हा खाली जाऊन कान दाबून बसायचा, आणि मग जेवायला सगळ्यांच्या आधी हजर.

"ऊठ रे, रंग ओला आहे," मी म्हणायचो.

"काल ओला, आज ओला. रंग मारतोस की दूध ओततोस?"

"ऊठ म्हटलं ना."

"डेक काय तुझ्या बापाचा?" असं म्हणून तो उठायचा, शीड गोळा करायचा आणि हातभर पलीकडे सरकायचा. त्याला खरं सांगायला हवं होतं. दोन वाक्यं लागली असती. पण दोघांचं गुपित तिघांत गेलं की ते गुपित राहणार नाही याची मला भीती होती, आणि तेव्हा ती भीती मला सगळ्यांत मोठी वाटत होती.

पुढच्या वर्षी नवे कप्तान आले. लेफ्टनंट फेनिक, वय सव्वीस, नियमाने चालणारे, आवाज कधी न चढवणारे. त्यांच्याबरोबर आम्ही जानेवारीत हॅलिफॅक्सहून निघालो. टपालाच्या पिशव्या, तीन प्रवासी, आम्ही चाळीस जण.

नवव्या दिवशी सकाळपासून वारा नैर्ऋत्येचा, आणि तो थांबेचना. दुपारी बारापर्यंत एकच छोटं शीड ठेवून आम्ही पळत होतो. आभाळ आणि पाणी एकाच करड्या रंगाचं. लाटा मागून येत होत्या, आणि दर लाटेबरोबर डनलिनचा मागचा भाग उचलला जायचा. मी हातोडा कोटाखाली बांधला होता. माझे दात वाजत होते, आणि ते थंडीने नव्हे हे मला ठाऊक होतं.

मग वारा अचानक फिरला आणि पहिली लाट बाजूने आली.

ती पाण्याची लाट वाटलीच नाही. भिंत कोसळावी तशी आली. मी डोलकाठीच्या दोराला मिठी मारली. डोळे उघडले तेव्हा डेक नव्हताच. कठड्यापासून कठड्यापर्यंत हिरवं पाणी, त्यात पिंपं, दोर, माणसांची डोकी. डनलिन उजवीकडे कलली आणि उठेना. मी मोजलं. एक श्वास, दोन, तीन, चार. अर्धवट उठली, तोच दुसरी लाट.

आता ती आडवीच झाली. उजवा कठडा पाण्याला टेकला. सगळं पाणी त्या बाजूला जाऊन साचलं आणि तिला खाली दाबू लागलं. सुकाणूच्या चाकापाशी कप्तान फेनिक दोरांना लटकून ओरडत होते, "कुऱ्हाडी आणा! डोलकाठी तोडा!" हुकूम चुकीचा नव्हता. पुस्तकात तसंच लिहिलंय. पण डोलकाठी तोडायला दहा मिनिटं लागतात, आणि आमच्याकडे दहा मिनिटं नव्हती.

मी कमरेला दोर बांधला आणि घसरत खाली, उजव्या कठड्याकडे गेलो. पाणी छातीपर्यंत. एनोक माझ्या मागून आला. त्याचा हातोडा त्याच्या हातात होता.

मुख्य डोलकाठीच्या बाजूची कापलेली जागा माझ्यासमोर होती. आणि तिथे रूबेन होता.

पहिल्या लाटेने त्याला तिथे नेऊन टाकलं होतं. कठड्याच्या वरच्या काठाला त्याने दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं, पाठ फळ्यांना लावलेली, पाणी गळ्याशी. त्याने मला पाहिलं. हातातला हातोडाही पाहिला.

"रूबेन! सोड ते! इकडे ये!" मी ओरडलो. वाऱ्यात माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. मी हात हलवला, दोर दाखवला. त्याने मान हलवली. सोडणार नव्हता तो. बुडणारा माणूस हातातलं सोडत नाही, आणि का सोडावं हे तर त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं.

मी वर पाहिलं. तिसरी लाट दिसत होती. अजून लांब होती, पण तिचा माथा आमच्या डोलकाठीच्या टोकाहून उंच होता आणि तो पांढरा व्हायला लागला होता.

एनोक पाण्यातून रूबेनकडे सरकला, हात लांब केला. "हाण!" तो मला म्हणाला. "मी धरतो त्याला, तू हाण!"

मी हाणलं. पहिल्या घावाला काही झालं नाही. दुसऱ्या घावाला चीर उघडली. रूबेनचं तोंड हललं, तो मला काहीतरी म्हणाला. तिसरा घाव मी डोळे मिटून घातला.

कडाडून आवाज झाला आणि फळी गेली. पाण्याचा सगळा लोंढा त्या भोकाकडे धावला. मी दोराला लटकलो. डनलिन हादरली आणि उठली. काय उठली ती! पाठीवरचं ओझं टाकलेल्या बैलासारखी उठली. पाणी जातच होतं. एनोक पुढच्या जागेकडे गेला आणि त्याने तीही फोडली. तिसरी लाट आली तेव्हा डेक अर्धा रिकामा होता. ती आमच्यावरून गेली, आणि एका डुलण्यात तिचं पाणीही त्याच दोन भोकांतून बाहेर पडलं.

एनोक परत आला. त्याच्या मुठीत एक बाही होती, खांद्यापासून फाटलेली. ती तो मुठीतून सोडत नव्हता. मी त्याची बोटं एकेक करून उघडली.

वादळ दुसऱ्या दिवशी दुपारी उतरलं. कप्तान फेनिक पाहणीला निघाले. फुटलेल्या कठड्यापाशी ते थांबले, हातमोजा काढला आणि अंगठा तुटलेल्या फळीच्या कडेवरून फिरवला. पाऊण जाडी गुळगुळीत, पाव जाडी दातेरी. चिरेत पांढरी भुकटी. त्यांनी अंगठ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हातमोजा परत चढवला आणि पुढे गेले.

तिथून फाल्मथ बारा दिवस. बारा दिवस मी रोज वाट पाहिली की आता बोलावतील, आता बेड्या घालतील. डोळे मिटले की रूबेनचं तोंड हलायचं. दाराबाहेर बूट वाजले की मी उभा राहायचो. एनोक म्हणायचा, "बस रे, रसोड्यातला पोरगा आहे," आणि स्वतःही दाराकडेच बघत राहायचा.

किनारा दिसला त्या सकाळी कप्तानांनी बोलावलं. त्यांच्यासमोर वही उघडी होती.

"मी असं लिहिलं आहे, मिस्टर हॉस्किंग, की लाटेच्या तडाख्याने कठडा दोन ठिकाणी तुटला आणि सुदैवाने पाणी बाहेर गेलं. शिडं शिवणारा कर्नो लाटेबरोबर गेला." ते माझ्याकडे बघत नव्हते. "मला लग्न करायचं आहे एप्रिलमध्ये. मी बुडालो नाही. तुम्हाला यात काही सांगायचं आहे?"

"नाही, साहेब," मी म्हणालो. बाहेर येऊन मी दोराच्या गुंडाळीवर बसलो आणि रडलो. सुटलो म्हणून रडलो. लाज वाटते, पण रूबेनसाठी नव्हे.

डनलिन गोदीत गेली. आठ दिवसांनी मी पाहायला गेलो. गोदीच्या मिस्त्रींनी कठडा पार काढून नवा घातला होता, ओकच्या फळ्यांचा, पूर्वीपेक्षा बोटभर जाड.

"आता बघा," त्यांचा मुकादम कठड्यावर थाप मारून म्हणाला. "लाटेने तुटला म्हणे तुमचा. हा पन्नास वर्षं हलत नाही."

मी त्या फळ्यांकडे पाहत उभा राहिलो. त्याने चूक काहीच केली नव्हती. कठडा कमकुवत होता म्हणून तुटला असं कागद सांगत होता, तर त्याने मजबूत केला. मार्चमध्ये डनलिन पुन्हा निघणार होती. पुन्हा आरी मारायची? आता सगळं गोदीच्या हातात होतं. मला कुणी हात लावू देत नव्हतं. मी नोकरी सोडून पळू शकत होतो. ते मनात आलं, आणि बराच वेळ राहिलं.

त्याऐवजी मी कप्तानांच्या घरी गेलो. टोपी हातात धरून म्हणालो, "साहेब, मी खरं सांगणार आहे. तुम्हाला काही ठाऊक नव्हतं असं सांगेन."

ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. "कोर्टापुढे उभं राहायला भीती नाही वाटत तुम्हाला?"

"वाटते, साहेब. रात्रीपासून तीनदा ओकलो."

ते वळले. ते हसतील असं मला वाटलं, पण हसले नाहीत. "मला चाकापाशी असताना आईची हाक ऐकू आली," ते म्हणाले. "तिला जाऊन सहा वर्षं झाली." मग त्यांनी खुर्ची पुढे केली. "माझ्यासाठी खोटं बोलू नका. माझी वही मी स्वतःच दुरुस्त करतो."

चौकशीला तीन म्हातारे कप्तान बसले होते. दोघे माझ्याकडे असे बघत होते, जणू मी चर्चला आग लावली आहे. आरी कधी मारली, कुणाच्या परवानगीने, रंग कुणी मारला. एनोकचं नाव मी घेतलं नाही, तो स्वतःच उठून उभा राहिला आणि म्हणाला, "दुसरी जागा मी फोडली, साहेब. आणि पुन्हा फोडीन." त्याला गप्प बसवलं.

"तिथे त्या वेळी माणूस होता का?" एकाने विचारलं.

खोलीत गावातली माणसं होती. मागच्या बाकावर रूबेनची बायको मॉरवेना होती, काळ्या शालीत.

"होता. रूबेन कर्नो. मला दिसत होता. मी तरी हाणलं."

मागे कुणीतरी बाक सरकवून उठलं आणि बाहेर गेलं. मी वळून पाहिलं नाही.

तिसरा म्हातारा तोवर काही बोलला नव्हता. एका डोळ्याने आंधळा, हात थरथरणारा. त्याने विचारलं, "वाट मोकळी झाल्यावर डेकवरचं पाणी किती वेळात उतरलं?"

"एका डुलण्यात, साहेब."

"पूर्ण?"

"घोट्यापर्यंत राहिलं."

त्याने ते लिहून घेतलं. त्या दिवशी त्याने एवढंच लिहिलं.

मला आरमारातून काढलं. पेन्शन गेलं. तुरुंगात टाकलं नाही, ते कदाचित त्या म्हाताऱ्यामुळे. एनोकला ताकीद मिळाली, कप्तानांची बढती अडली. आणि मार्चमध्ये निघायच्या आधी गोदीच्या त्याच मुकादमाने, शिव्या देत, डनलिनच्या नव्या ओकच्या कठड्यात सहा दारं पाडली. लोखंडी बिजागरीची, बाहेर उघडणारी. फक्त डनलिनला. बाकीच्या गलबतांचं पुढे बघू, असं वरून कळवलं. त्यातली दोन त्यानंतर गेली, माणसांसकट.

डनलिनचं पुढचं आधी सांगून टाकतो. ती आणखी नऊ वर्षं टपाल नेत होती. एनोक परत आला की पेनरिनला मला भेटायचा. तिथे मी एका होड्या बांधणाऱ्याकडे कामाला लागलो होतो. "तुझी ती दारं रात्रभर धडाधडा वाजतात," तो म्हणायचा. "कुणाला झोप नाही. लेका, उतारूंनी तुझ्या नावाने बोटं मोडली." दहाव्या वर्षी तिच्या डोलकाठ्या काढून तिला कोळसा साठवायला नदीत बांधून ठेवलं, आणि पुढे मोडीत काढली. ती बुडाली नाही. तिच्यावरचं नंतर कुणीही लाटेबरोबर गेलं नाही.

पण मला सांगायचं आहे ते मला काढलं त्याच वर्षीच्या ऑगस्टमधलं. मॉरवेनाकडे मी गेलो नव्हतो. रोज ठरवायचो, रोज पाय मागे फिरायचे. समुद्राला भ्यालो त्याहून जास्त मी तिच्या दाराला भ्यालो. शेवटी तीच आली. मासळीचे दिवस होते. बायका तळघरांत दिवसभर मासे मिठात रचत. ती तशीच, कामावरून, दोन मैल चालत आली होती. हात मिठाने फुटलेले, अंगाला माशांच्या तेलाचा वास. मी एका होडीचा कणा तासत होतो. तासणी हातातच राहिली.

"तो तुला बघत होता का?" तिने विचारलं. नमस्कार नाही, काही नाही.

"हो."

"काही बोलला?"

"बोलला. ऐकू आलं नाही, मॉरवेना. खरंच ऐकू आलं नाही."

ती होडीच्या कडेला हात टेकून उभी राहिली. "डुक्कर मारताना कान दाबून बसायचा तो. तुझ्या जागी तो असता आणि त्याच्या जागी तू, तर त्याने नसतं हाणलं. त्याच्याने झालंच नसतं ते."

"ठाऊक आहे मला."

"मग तुम्ही सगळेच गेला असता. चाळीस घरं. आणि मी आज जशी आहे तशीच असते." तिने माझ्याकडे पहिल्यांदा सरळ पाहिलं. "सहा महिने झाले, मी तुला शिव्या द्यायला शब्द शोधतेय. बसत नाही एकही. तेच जास्त वाईट आहे, डिगोरी. निदान शिव्या तरी देता यायला हव्या होत्या."

मी म्हणालो, "त्या फळीचं त्याला आधी सांगायला हवं होतं. मी भ्यालो. त्याची शिवी दे."

तिने विचार केला. खरोखर विचार केला. "हो," ती म्हणाली. "त्याची देता येईल."

पण दिली नाही. शालीचं टोक खोचलं, वळली, आणि फाटकाशी जाऊन थांबली.

"चॅपलमध्ये तू माझ्या मागच्या बाकावर बसतोस. बसू नकोस. मानेवर जाणवतं."

त्या रविवारी मी दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसलो. केझाया शेजारी येऊन बसली, तिने अंगाभोवती शाल घट्ट ओढली आणि कुजबुजली, "इथे केवढा वारा येतो."

"येऊ दे," मी म्हणालो.